कोऱ्या अंकातला अंगठा

१

सन १९८५. आश्विनाचा वद्य पक्ष, दिवाळीला आठ दिवस. पहाटे चादर ओढून घ्यावी लागे आणि दुपारी सदरा पाठीला चिकटे, असे ते दिवस.

लवू घाडीची वर्षाची सुगी हीच. नाहूरला, कारखान्यांच्या मागच्या चाळीत त्याची एक खोली. वय चौसष्ट. बायको वारलेली, मुलगा गावी. बत्तीस वर्षं त्यानं गिरणीत कापड विणायचे साचे चालवले. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. तेव्हा त्यानं रद्दीतून जुनी मासिकं उचलली, दाभणानं शिवली, खाकी कव्हरं घातली आणि सायकलच्या दोन्ही अंगांना दोन पिशव्या लावून घरपोच वाचनालय काढलं. नाहूर ते मुलुंड, पस्तीस घरं.

शिक्षण चौथी. पण पिशवीतलं एकही पुस्तक स्वतः वाचल्याशिवाय त्यानं कुणाला दिलं नव्हतं. निदान तो तसं सांगे.

दिवाळीच्या तोंडावर लोक त्याला एकच विचारत. "मामा, यंदा भुताचं काय?" आणि तो सांगे. चित्रं काढणाऱ्याला वेगळं, नाटक लिहिणाऱ्याला वेगळं. "ह्यात भूत दिसतच नाही, म्हणून घे." "ह्यातलं चित्र आधी बघू नको, गोष्ट झाल्यावर बघ." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "भुताची गोष्ट दुपारी वाचावी. रात्री काय, कुणीपण घाबरतो."

वाचणाऱ्यांची एक खोड होती. तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो आपली खूण करून ठेवी. वनमालाबाई सतराव्या पानाच्या आकड्याला गोल करत. नंदकिशोर एकतिसाव्या पानावर बारीक फुली मारी. लवू सगळ्यांवर खेकसे. पण खुणा त्याला तोंडपाठ होत्या. पुस्तक उघडलं की कुणाकुणाच्या घरी जाऊन आलं ते कळे.

त्या सोमवारी सकाळी बारा नवे दिवाळी अंक आले. बाराही गूढकथांचे. लवूनं दार लावलं, एकेका अंकाला तीन भोकं पाडली, जाड दोऱ्यानं शिवलं, कव्हर चढवलं. मग पहिला अंक पिशवीत टाकून तो वनमालाबाईंकडे निघाला. कोऱ्या अंकाचं पहिलं वाचन त्यांचं. हे ठरलेलं होतं आणि त्यात कधी फरक पडला नव्हता.

२

वनमालाबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. कोरा अंक त्या आधी नाकाशी नेत, वास घेत, मग उघडत. त्या दिवशीही तसंच केलं. पानं चाळता चाळता हात थांबला.

"घाडी, हा कोरा म्हणालात ना?"

"सकाळी आला. माझ्या हातानं शिवला."

"मग हे कुणाचं?"

एक्केचाळिसावं पान. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. शिसपेन्सिलीच्या भुकटीचा, करडा, चकचकीत.

"छापखान्यातला असेल," लवू म्हणाला. "शाई ओली असते."

"चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी. ही शाई नाही, पेन्सिल आहे." त्यांनी अंक मिटला. "दुसऱ्याला आधी वाचायला दिलात तर दिलात, तसं सांगा. पण उष्टं आणून कोरं म्हणू नका."

पुलाखालच्या रस्त्यानं सायकल मारत परतताना लवूला तीन वर्षांत इतका अपमान कुणी केल्याचं आठवेना. पण वाद न घालता तो निघून आला होता. कारण बाईंनी नीट पाहिलं नव्हतं. त्यानं पाहिलं होतं.

ठशाच्या मधोमध एक पांढरी तिरकी रेघ होती. जखम भरून आलेल्या कातडीची.

तो अंगठा लवूला माहीत होता. त्या अंगठ्याचा माणूस ज्येष्ठात मेला होता. लवू स्वतः खांदा देऊन आला होता.

३

शिवदास कांबळे. अंधेरीच्या स्टुडिओत पडदे रंगवायचा. महालाची भिंत, चांदणं, धुक्यातली गल्ली, जे म्हणतील ते. घरी पेन्सिलीनं काढी आणि काळोख डाव्या अंगठ्यानं घासून करी. कॅनव्हास कापताना पातं लागून तो अंगठा फाटला होता, रेघ तेव्हाची. त्याला वेगळी खूण करावी लागत नसे. जिथं थांबे तिथं अंगठा उमटे आणि पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर तो मुद्दाम दाबून ठेवी. म्हणे, "सही केली मामा. मिळालं."

"तुम्ही लोक भूत मानत नाही ना रे? मग वाचतोस कशाला?" लवू विचारी.

"भूत खोटं आहे हो. अंधार खरा आहे. मला तो रंगवायचा असतो."

असा वाचणारा लवूला दुसरा मिळाला नाही.

गेल्या दिवाळीत शिवदास खोकत होता. रंगाची धूळ छातीत बसलेली, कामावर जाणं सुटलेलं. लवूनं त्याला एक जुनं बांधीव पुस्तक दिलं आणि छाती फुगवून सांगितलं, "ह्याचा शेवट वाच. तीन दिवस दाराकडं पाठ करून बसणार नाहीस."

गोष्ट अशी होती: चाळीच्या बोळाच्या टोकाला एक दार. भाडेकरू ते रोज लावतो आणि रोज ते बोटभर उघडं सापडतं. शेवटच्या पानावर तो आत जातो.

शेवटचं पान पुस्तकात नव्हतं.

लवूनं ते पुस्तक वाचलंच नव्हतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कळलं असतं तर लवूला मान वर करता आली नसती. पुस्तकं बांधताना पुठ्ठ्याला आतून अस्तर लागतं. घरात कागद नसला की लवू एखाद्या फाटक्या मासिकाचं पान कापी, खळ लावून पुठ्ठ्यावर डकवी आणि वरून कोरा कागद चढवी. ते पान त्यानंच कापलं होतं. पुस्तक दिल्यावर कापल्याचं आठवलं. कुठल्या पुठ्ठ्यात गेलं ते आठवत नव्हतं. शोधायचं म्हणजे दोनशे पुस्तकांची कव्हरं फाडायची.

"मामा, शेवटचं पान?" शिवदासनं विचारलं.

"बाईंडरकडं राहिलंय. आणतो."

बाईंडर कुणी नव्हताच.

शिवदासनं अंथरुणातून चित्र काढायला घेतलं. स्टुडिओतून आणलेला कॅनव्हासचा तुकडा भिंतीवर ताणला. चाळीचा बोळ, टोकाला दार, बोटभर उघडं. आतली जागा पांढरी ठेवली. "आत काय आहे ते कळल्याशिवाय कसं रंगवू?" तो म्हणे. "पान आणा."

"आणतो."

माघात विचारलं. चैत्रात विचारलं. शेवटी बोलवेना, तेव्हा त्यानं नुसता अंगठा वर करून हवेत दाबून दाखवला. लवू म्हणाला, "आणतो."

तो गेल्यावर पुस्तक त्याच्या बायकोनं, मालननं, परत दिलं नाही. "पान आणा, पुस्तक न्या," एवढंच म्हणाली. लवू पुन्हा त्या घरी गेला नाही.

४

वनमालाबाईंकडून परत येऊन लवूनं उरलेले अकरा अंक पाहिले. सकाळी शिवले तसेच होते. कव्हरांच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या.

त्यानं पहिला अंक उघडला. पहिल्या गोष्टीच्या शेवटच्या पानावर अंगठा. दुसऱ्या गोष्टीच्या शेवटच्या पानावर अंगठा. मधल्या पानांवर काही नाही. दुसरा अंक उघडला. तसंच. तिसरा. तसंच.

कुणीतरी नुसते शेवट बघत गेलं होतं.

लवूनं विचार केला. उंदीर अंगठे उमटवत नाहीत. शेजारच्या खोलीतल्या बाळा नावाच्या माणसाकडं जादा किल्ली असते, पण बाळाला अक्षर ओळखू येत नाही आणि तो दहा दिवस मढला बहिणीकडं आहे. मग कोण? कुणीतरी मुद्दाम खोडी काढतंय. नंदकिशोर. नाटकवाला. त्याला असलं सुचतं.

नंदकिशोर बँकेत कारकून होता आणि एकांकिका लिहायचा. संध्याकाळी लवू त्याच्या दारात उभा राहिला तेव्हा तो हसत सुटला.

"मामा, मी? यार, मला माझं लिहायला वेळ मिळत नाही, तुमच्या खोलीत घुसून अंगठे कधी लावू?" मग डोळे मिचकावून, "आणि तुम्ही नावाचे घाडी ना? तुमच्या गावात घाडी भुताला बाटलीत घालतो म्हणे. घाला की!"

"माझ्या बापानं सोडलं ते," लवू म्हणाला. "मी गिरणीत होतो."

"मग गिरणीतलं काहीतरी करा."

हे मात्र लवूला पटलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवण झाल्यावर त्यानं अकराही अंकांचे सगळे ठसे रबरानं खोडून काढले. तासभर लागला. अंकांची थप्पी केली आणि सुतानं उभीआडवी आवळली. वर गाठ मारली ती साच्यावरची, तुटलेला धागा जोडायची. ती गाठ नखाएवढी असते, कापल्याशिवाय सुटत नाही आणि दोघांची कधी सारखी बसत नाही. लवूची डावीकडं झुके. थप्पी खोलीच्या मधोमध ठेवली. खिडकी लावली, बाहेरून कुलूप घातलं, किल्ली बनियनच्या खिशात टाकली आणि दाराला पाठ लावून तो गॅलरीत बसला.

भर दुपार. समोर कुणाचे पापड वाळत होते. खाली बायका नळावर भांडत होत्या. कारखान्याचा दोनचा भोंगा झाला.

भोंगा थांबला आणि आतून आवाज आला.

दिवाळी अंकाचा कागद गुळगुळीत असतो. त्याचं पान उलटताना एक ओली, लांब सळसळ होते. जुन्या मासिकाची होत नाही. तीन वर्षं लवू तोच आवाज ऐकत होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. एक पान. मग थोडा वेळ काही नाही. वाचायला लागतो तेवढा वेळ. मग दुसरं पान.

लवूनं मान वळवली नाही. दाराच्या फळीतून तो आवाज त्याच्या पाठीच्या कण्याला लागत होता. तो मोजत राहिला. अकरापर्यंत मोजलं आणि मग आतून, अगदी दारामागून, कुणीतरी छातीतून खोकलं.

खाली बायका भांडतच होत्या.

लवूनं उठून कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. थप्पी जिथल्या तिथं. गाठ नखाएवढी, डावीकडं झुकलेली. त्यानं कात्रीनं सूत कापलं.

अकरा अंक, प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान. सगळे ठसे परत आले होते. आधीपेक्षा गडद. काही ठिकाणी इतके दाबलेले की पान मागून फुगलं होतं.

५

आता पस्तीस घरांत काय सांगायचं? वनमालाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दिवाळीत कोरे अंक मिळाले नाहीत तर लोक दुसरीकडं जातील. जावोत. पण घाडीनं उष्टे अंक कोरे म्हणून दिले, हे नाव राहील. लवूला त्या नावाची भीती वाटत होती. खोकल्याची भीती त्याखाली होती आणि तिच्याकडं तो बघत नव्हता.

बुधवारी सकाळी तो उठला आणि उशाखालची देवघेवीची वही काढायला गेला. कुणी काय नेलं, कुणी काय आणलं, ते सगळं त्या वहीत. जाड पुठ्ठ्याची, त्यानंच बांधलेली. गेली दोन वर्षं ती रोज त्याच्या हातात होती आणि रोज डोक्याखाली.

वहीला हात लावला तो भुकटी बोटांना लागली.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अस्तराचा कोरा कागद होता. त्याच्या चारही कडा काळ्या झाल्या होत्या. ठशावर ठसा, ठशावर ठसा, मुंग्यांची रांग जावी तशी सगळीकडून. आणि खालचा कोपरा नखानं खरवडला होता. कागदाचे बारीक रवे पुठ्ठ्यावर होते. तेच रवे उशीच्या अभ्र्यावर होते. त्याच्या कानाजवळ.

लवू पलंगाच्या कडेला बसला. 

पान कुठं गेलं ते त्याला आठवलं. संपाच्या दुसऱ्या वर्षी, पहिली वही बांधली तेव्हा. ही.

म्हणजे शिवदासच्या पायाशी बसून तो "आणतो" म्हणत होता, तेव्हा पान त्याच्या मांडीवर होतं. प्रत्येक वेळी.

"काय केलंस ह्या, लवू," तो मोठ्यानं म्हणाला. 

त्यानं ओलं फडकं पुठ्ठ्यावर पसरलं. गव्हाच्या पिठाची खळ, ती पाण्याला सुटते. कोरा कागद आधी निघाला. खालचं छापील पान त्यानं सुरीच्या पाठीनं, श्वास धरून, सुतासुतानं सोडवलं. अखंड निघालं. एक अक्षर गेलं नाही. पहिल्या ओळीकडं नजर गेली आणि त्यानं पान उलटं केलं. हे आधी वाचायचा हक्क त्याचा नव्हता. पण मागच्या बाजूलाही गोष्टच होती, म्हणून त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळलं.

६

मालनबाई चारला कामावरून येत. मुलुंडच्या वसाहतीत खोली तीच, कॉट तीच. कॉटवर आता धुतलेले कपडे होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र. बोळ इतका खरा होता की खोली तिथं संपत नाही असं वाटे. टोकाला दार, बोटभर उघडं. आत पांढरं.

"आलात," मालनबाई म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

लवूनं वर्तमानपत्र सोडलं. "पान."

त्यांनी हात पुढं केला नाही. "कुठं होतं?"

लवूच्या तोंडात पुन्हा बाईंडर आला होता. त्यानं तो गिळला. "माझ्याकडं. मीच कापलेलं. सांगायची लाज वाटली."

मालनबाईंनी कॉटवरचे कपडे एका बाजूला सारले. "सहा वेळा म्हणालात आणतो. मी मोजलंय. शेवटच्या दिवशी पण त्यांनी दाराकडंच बघत डोळे मिटले. मला वाटलं माझ्याकडं बघतायत. तुमची वाट बघत होते."

"होय."

"आमच्यात भूतबित मानत नाहीत, मामा. पण दिवाळी जवळ आली, तसं रोज कामावरून आले की ह्या भिंतीला पेन्सिल घासल्यासारखा आवाज येतो. घासतं आणि थांबतं. घासतं आणि थांबतं. मी कुणाला बोलले नाही." त्यांनी स्टोव्हवर चहाचं भांडं चढवलं आणि पाठ केली. "वाचा."

"मी?"

"आणतो कोण म्हणालं? तुम्हीच वाचा. त्यांना ऐकू जाईल असं."

लवू चित्रासमोर उभा राहिला. पान दोन्ही हातांत धरलं आणि चौथी शिकलेला माणूस वाचतो तसं, शब्दाला शब्द जोडत, वाचू लागला. स्टोव्ह फरफरत होता. बाहेर पोरं टिकल्या फोडत होती.

पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्याच्या मध्यावर पान जड झालं.

उजवा कोपरा. शेजारी उभं राहून कुणी त्याच कागदाला हात लावला की जसा तो किंचित खाली ओढला जातो, तसा. लवूनं तिकडं पाहिलं नाही. शब्दावरची नजर उचलली नाही. वाचण्याचा वेग मात्र आपोआप कमी झाला, कारण दुसऱ्यानं ओळ संपवायच्या आधी आपण पुढं गेलेलं चालत नाही. पान उलटायची वेळ आली. त्यानं उलटलं नाही. ते उलटलं गेलं.

मागची बाजू त्यानं पुरी केली. शेवटचा शब्द उच्चारला आणि वर पाहिलं.

दार आता माणूस जाईल एवढं उघडं होतं आणि आत पांढरं नव्हतं.

आत अंधार होता, अंगठ्यानं घासलेला, खालून वर चढत जाणारा, अजून ओला वाटावा इतका ताजा. वरची वीतभर जागा उरली होती. तिच्याखाली, त्या अंधारात, कुणीतरी पाठमोरं उभं होतं. डावं कोपर हलत होतं. आतून घासत होतं. घासलं आणि थांबलं. मग डोकं जरासं वळलं, हाक मारल्यावर माणूस वळतो तेवढं.

मालनबाईंच्या हातातला पेला खाली पडला.

लवूनं डोळे मिटले. उघडले तेव्हा दाराच्या आत नुसतं काळं होतं, वरपर्यंत, एक ठिपका न सोडता.

स्टोव्हवरचा चहा उतू गेला. लवूनं पुढं होऊन स्टोव्ह बंद केला.

मग लवूनं हातातल्या पानाकडं पाहिलं. उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या ओळीच्या खाली, अंगठा होता. मुद्दाम दाबून ठेवलेला. मधोमध पांढरी तिरकी रेघ.

त्यानं पान मालनबाईंपुढं धरलं. त्यांनी ते घेतलं, पाहिलं, घडी न घालता तसबिरीखाली ठेवलं. मग टाचा उंचावून फळीवरचं पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.